रविवारची पुडी: आठवडाभरात वाचलेलं-पाहिलेलं आपल्या माणसांना कसं पाठवायचं

आमचे आजोबा शेंगदाण्याची पुडी आणली की आधी शेंगदाणे वाटीत ओतायचे आणि मग पुडीचा कागद मांडीवर घासून घासून सपाट करून वाचत बसायचे, त्यात अर्धीच बातमी असायची, उरलेली अर्धी दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीत गेलेली, तरी जे हाती लागलं ते रात्री जेवताना सगळ्यांना सांगायचे. मी गेली चार वर्षं दर रविवारी जे करतेय ते याहून फार वेगळं नाही. कागदाच्या जागी लिंका आल्या एवढंच. म्हणून नावही तेच ठेवलं, रविवारची पुडी. आठवडाभर नेटवर जे वाचलं, पाहिलं, ऐकलं त्यातल्या पाच गोष्टी निवडायच्या आणि व्हॉट्सॲपवर साठेक जणांना पाठवायच्या. त्यात मावश्या-आत्या आहेत, कॉलेजची गँग आहे, ऑफिसातले दोघं-तिघं आहेत, एक निवृत्त हेडमास्तर आहेत, अमेरिकेतली चुलतबहीण आहे. मध्ये दोन-तीन जणांनी विचारलं की आम्हालाही आमच्या लोकांसाठी असं काहीतरी सुरू करायचंय, तू नेमकं कसं करतेस, तर घ्या, एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे रविवारी सकाळी बसून शोधायचं नाही. मी सुरुवातीला हेच करायचे, चहा घेऊन बसायचं आणि आता काय बरं पाठवावं म्हणून स्क्रोल करायचं, मग दोन तास जायचे आणि शेवटी जे सगळ्यांकडे आधीच येऊन गेलेलं असायचं तेच पाठवलं जायचं. माल आठवडाभर गोळा होत राहिला पाहिजे, आणि तो गोळा करायला कष्ट पडता कामा नयेत, नाहीतर बुधवारनंतर आपण सोडून देतो. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवते, ती सोय २०२२च्या शेवटाला आली आणि माझ्यासारखीचं कल्याण झालं. काही आवडलं की शेअर, स्वतःला, आणि लगेच तिथेच चार शब्द टाइप करायचे की हे का आवडलं. हे चार शब्द फार महत्त्वाचे आहेत हं. नुसती लिंक ठेवली तर शनिवारी रात्री त्याच्याकडे बघून काहीच आठवत नाही, आपण हे का ठेवलं होतं देव जाणे. ‘शेवटचा पॅरा, आजीचं पत्र’ एवढं लिहिलेलं असलं तरी सगळं परत डोळ्यासमोर येतं.

लेख साठवायची वेगळी ॲप्स असतात, त्यातलं एक मी बरीच वर्षं वापरलं, पण ते एक दिवस बंदच झालं आणि माझे शेकडो लेख बाहेर काढता काढता नाकी नऊ आले. तेव्हापासून असल्या ॲपवर भरवसा नाही, स्वतःला केलेला मेसेज बरा. हां, पण ज्यांचा प्रवास असतो त्यांनी लेख आधी फोनमध्ये उतरवून ठेवावेत. मला आठवड्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जावं लागतं आणि लोणावळा-कर्जतच्या मधे घाटात बोगदा आला की रेंज जाते, नेमका लेख रंगात आलेला असतो, मग ती गोल फिरणारी चकती बघत बसायचं. क्रोममध्ये पान डाउनलोड करायची सोय आहे, शिवाजीनगरला गाडीत बसायच्या आधी तेवढं करून ठेवते.

शोधायचं कुठे हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. खरं सांगू का, जे सगळ्यांच्या घरी रविवारी सकाळी पडतं ते पाठवायचंच नाही, पेपरच्या रविवार पुरवण्या लोकांनी वाचलेल्या असतात किंवा वाचायच्या नसतात. फीडमध्ये वर येणारंही नको, ते त्यांच्याही फीडमध्ये वर आलेलंच असतं. तुमची पुडी उघडावीशी वाटली पाहिजे ती त्यांना एरवी न सापडणाऱ्या गोष्टींसाठी, आणि मराठीत अशा गोष्टी किती आहेत याचा पत्ताच नसतो आपल्याला.

उदाहरणार्थ ‘किशोर’ मासिक. बालभारतीचं, १९७१ साली सुरू झालेलं. त्याचे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलेत. मी एकदा त्यातला सत्तरच्या दशकातला एक अंक पाठवला आणि त्या रविवारी मला जेवढे फोन आले तेवढे माझ्या लग्नानंतर आले नव्हते, एका काकांनी तर त्यातल्या कोड्याचं उत्तर पाठवलं, पन्नास वर्षं उशिरा. तसंच मराठी विश्वकोश. लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, पहिला खंड १९७६चा, आता सगळा ऑनलाइन वाचता येतो. त्यातली एखादी विचित्र नोंद, समजा पतंगाची नाहीतर अत्तराची, ही कुठल्याही व्हायरल थ्रेडपेक्षा मजेदार निघते, आणि भाषा अशी घट्ट की एक वाक्य तीनदा वाचावं लागतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत दिलीत. व्हिडिओत म्हणाल तर सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूब चॅनेलवर जुने कार्यक्रम आहेत, मुलाखती आहेत, कृष्णधवल, मागे पडदा हलतोय, पण बोलणारा माणूस शांतपणे अर्धा तास बोलतोय आणि कुणी त्याला तोडत नाहीये. मायबोलीवर १९९६पासून लोक लिहितायत, तिथले जुने धागे खणले तर प्रवासवर्णनांपासून वांग्याच्या भरतापर्यंत काय वाट्टेल ते सापडतं.

आता याचा अर्थ सगळं जुनं-जुनंच पाठवायचं असं नाही! ही चूक मी पहिल्या वर्षी केली, पुडी इतकी भारदस्त झाली की माझा भाचा म्हणाला, मावशी तुझा मेसेज आला की मला शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं वाटतं. तेव्हापासून पाचातल्या दोन गोष्टी तरी हलक्या असतातच, एखादं नवीन गाणं, एखादी रील, वेब सिरीजचा एखादा सीन, भारी मीम. आणि त्यातून माझा सगळ्यात लाडका कोपरा तयार झाला, त्याचं नाव ‘हे काय असतं?’. २०२४ साली ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात सूरज चव्हाण होता, तो पुढे जिंकलाही, आणि जो तो उठून ‘गुलिगत धोका’ म्हणत होता. आमच्या आत्याला वाटलं हा कुठला तरी नवा सायबर फ्रॉड आहे, बँकेने मेसेज का नाही पाठवला म्हणून विचारत होती. तर त्या आठवड्यात चार ओळींत समजावून सांगितलं की हा कोण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, रील्समधून पुढे आलेला, आणि हा शब्द त्याचा. दुसऱ्या आठवड्यात उलटं केलं, पोरांना सांगितलं की मोठी माणसं ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ म्हणून हसतात ते कुठून आलं, ‘अशी ही बनवाबनवी’ सिनेमातल्या संवादांशिवाय या घरात बोलताच येत नाही वगैरे. एक आठवडा वरून खाली, एक आठवडा खालून वर. हे तुम्ही नक्की करा, याच्यामुळे दोन्ही पिढ्या पुडी उघडतात, आणि जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी बोलतात ते वेगळंच.

निवडताना मी एकच प्रश्न विचारते: हे मी कुणासाठी पाठवतेय? सगळ्यांसाठी हे उत्तर आलं तर ती गोष्ट गळते. डोळ्यासमोर एक माणूस आला पाहिजे. हा नदीवरचा लेख आमच्या पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या काकांना आवडेल, हे गाणं अमुकला, जिचं आत्ताच मोडलंय. गंमत अशी की एका माणसासाठी नेमकं निवडलेलं आणखी दहा जणांना आवडतं आणि साठ जणांसाठी निवडलेलं कुणीच उघडत नाही. पाचच का, तर मी दहापण पाठवून बघितलंय, लोक पहिलं उघडतात आणि बाकी सगळं नंतर बघू म्हणून ठेवतात, ते नंतर कधी येत नसतं. आणि जे स्वतः पूर्ण वाचलेलं नाही ते पाठवायचं नाही. हेडिंग आवडलं म्हणून ढकललेला एक लेख खाली जाऊन भलत्याच वळणावर गेला होता आणि आमच्या हेडमास्तरांनी तो शेवटपर्यंत वाचला होता, त्यांचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय.

मग येतो तो सगळ्यात कठीण भाग, प्रत्येक गोष्टीबद्दल दोन-तीन ओळी लिहिणं. ‘मस्त आहे, नक्की वाचा’ यातून समोरच्याला काहीही कळत नाही, आणि ‘नक्की’ हा शब्द तर व्हॉट्सॲपने पार वापरून वापरून गुळगुळीत केलाय. लिहायचं काय, तर हे आहे काय, किती वेळ लागेल, आणि तुम्ही स्वतः कुठे थांबलात. बस. मी एकदा ‘संत तुकाराम’बद्दल लिहिलं होतं ते असं:

‘प्रभातचा संत तुकाराम, १९३६, दामले-फत्तेलाल. सव्वादोन तास. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला वगैरे ठीक आहे, पण मी त्यासाठी नाही सांगत. तुकारामांची बायको बघा, गौरी नावाच्या बाईंनी केलीय. पोरगं आजारी म्हणून ती त्याला एका हाताने फरफटत नेते आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. वेळ नसेल तर तेवढंच बघा. आईबरोबर बघितलंत तर जास्त मजा.’

बघा, यात मी सिनेमा ग्रेट आहे असं कुठेच म्हटलं नाही. वहाण सांगितली. लोकांनी वहाणेसाठी उघडला आणि मग सगळा बघितला, सात जणांनी तरी मला तसं कळवलं. वेळ किती लागेल ते लिहिणं फालतू वाटेल पण करून बघा, ‘चार मिनिटं, चहा उकळेपर्यंत’ लिहिलेली गोष्ट हमखास उघडली जाते. लेख इंग्रजी असेल तर तसं आधीच सांगायचं आणि मुद्दा मराठीत चार ओळींत लिहायचा, म्हणजे ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो त्यांच्या हातात निदान तेवढं तरी पडतं. पैसे भरून वाचायचा लेख असेल तरीही आधी सांगा, अर्ध्यावर कुलूप लागलं की माणूस चिडतो आणि चिडतो तुमच्यावर.

स्पॉयलरबद्दल भांडणं होतात म्हणून नियमच करून टाकलाय, शुक्रवारी थिएटरला लागलेल्या सिनेमाबद्दल पहिले दोन रविवार फक्त ‘बघा’ किंवा ‘राहू दे’ एवढंच. रिॲलिटी शोमधून कोण बाहेर गेलं ते तर अजिबात नाही, कारण माझी मोठी मावशी सगळे एपिसोड साठवून रविवारी दुपारी सलग बघते आणि सकाळी माझी पुडी आलेली असते. एकदा चुकले होते. तिने तीन आठवडे ब्ल्यू टिकसुद्धा दिली नाही.

आता खरंखोटं. पुलंच्या आणि वपुंच्या नावाने इतकं काय काय फिरत असतं की त्या दोघांनी जन्मभर दुसरं काही केलं नसतं तरी एवढं लिहून झालं नसतं. साधी कसोटी आहे. पुलं गेले २०००च्या जूनमध्ये आणि व्हॉट्सॲप निघालं २००९ साली, तेव्हा ‘पुलं म्हणतात’ करून मजकुरात मोबाइलचं नेटपॅक आलं की पुढे वाचायचंच नाही. कवितांचं तर विचारूच नका. मी एकदा एक कविता कुसुमाग्रजांची म्हणून पाठवली आणि दहा मिनिटांत आमच्या धाकट्या मावशीचा फोन, तिने तीस वर्षं मराठी शिकवलंय, म्हणाली ‘अगं, कुसुमाग्रज इतकं वाईट यमक जुळवतील का?’ पुढच्या पुडीत पहिल्याच ओळीत चूक कबूल केली. तेव्हापासून पुस्तकाचं नाव नाहीतर मूळ पान सापडलं तरच कवीचं नाव लावते, नाहीतर कविताच जाते. आणि मेसेजवर दोन बाणांचं ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ चिन्ह असेल तर तो मजकूर कितीही गोड असू दे, तो लोकांकडे आधीच पोचलाय म्हणून ते चिन्ह आहे. जुन्या फोटोंचंही तसंच, गूगलवर तो फोटोच टाकून आधी कुठे आलाय ते शोधायचं, आता एआयने बनवलेल्या ‘१९२०च्या पुण्याच्या’ फोटोंचा सुळसुळाट झालाय, एकात तर लक्ष्मी रोडवर दुकानाच्या पाट्या अशा लिपीत होत्या जी पृथ्वीवर नाही.

पीडीएफचा विषय नाजूक आहे पण बोलते. कुणीतरी आख्खं पुस्तक स्कॅन करून टाकतं आणि आपण कौतुकाने पुढे पाठवतो, तो त्या लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पोटावर पाय असतो, मराठी पुस्तकाचा धंदा मुळात केवढा. आपल्याकडे कायदा असा की लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे, बिनधास्त पाठवा. लक्ष्मीबाई टिळक, केशवसुत, बालकवी, गडकरी, हे सगळे मोकळे. पुलं मात्र २०६०च्या शेवटापर्यंत नाहीत, त्यामुळे त्यांचं पुस्तक आवडलं तर मी मुखपृष्ठाचा फोटो, एक छोटा उतारा आणि किंमत टाकते. अंकातला लेख आवडला तर आख्खा टाइप करून पाठवण्यापेक्षा त्या साप्ताहिकाच्या पानाची लिंक द्या आणि लिहिणाऱ्याचं नाव न विसरता लिहा. रील असेल तरी मूळ बनवणाऱ्याचं नाव शोधायचं, कारण जी आपल्याकडे येते ती बऱ्याचदा तिसऱ्याच कुणीतरी उचलून परत टाकलेली असते.

पाठवायची तांत्रिक बाजू पटकन सांगते. ग्रुप करू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुप केला की तुमची पुडी आली त्याच्याखाली लगेच सतरा हात जोडलेले आणि एक गुलाबाचं फूल, आणि सोमवारपासून गुड मॉर्निंग. ब्रॉडकास्टमध्ये उत्तर फक्त तुमच्याकडे येतं आणि त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात, ‘हे मला माझ्या वडिलांची आठवण करून गेलं’ असं कुणी ग्रुपवर लिहित नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. फक्त एक मेख आहे, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, मला हे कळायला चार महिने लागले आणि तोपर्यंत आठ जणांना मी पुडी पाठवते हेच माहीत नव्हतं.

लिंकांची शेपटं कापा. इन्स्टाची लिंक असेल तर प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं उडवलं तरी चालतं, ते फक्त कुणी कुणाला पाठवलं याचा माग काढायला असतं. पण यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओची ओळखच प्रश्नचिन्हाच्या पुढे असते, ती कापलीत की सगळे यूट्यूबच्या पहिल्या पानावर जाऊन पडतात, तिथे शेअर बटणाची छोटी लिंक घ्या आणि तिचं शेपूट कापा. लांब मुलाखतीतलं एखादंच उत्तर दाखवायचं असेल तर कॉम्प्युटरवर शेअर करताना ‘इथून सुरू’ वर टिक करता येते, किंवा सरळ लिहा की १२ मिनिटं ३४ सेकंदांपासून बघा. मेसेज लांब झाला की व्हॉट्सॲप तो मध्येच दुमडून ठेवतं, त्यामुळे सगळ्यात चांगली गोष्ट वर. मी नाव ठळक करायला दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावते, बाकी सजावट काही नाही, इमोजीची तोरणं तर नाहीतच.

आणि लिंका मरतात. पहिल्या वर्षातल्या माझ्या किती लिंका आज उघडत नाहीत ते बघून रडू येतं. म्हणून फार आवडलेला लेख असेल तर मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत जतन करून ठेवते, तिथे लिंक टाकायची सोय आहे, एक मिनिट लागतं. झालेल्या पुड्या तारखेनिशी एका गूगल डॉकमध्ये चिकटवत जायच्या. दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, ती ती बाई होती ना, जिने बैलगाडीवर काहीतरी लिहिलं होतं, ते पाठव ना परत.

वेळ एकच ठेवा. माझी रविवार सकाळी आठ. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेदहा असतात आणि चुलतबहीण झोपायच्या आधी वाचते, इथे लोक पोह्यांबरोबर वाचतात. लिहून मात्र शनिवारी रात्रीच ठेवते आणि सकाळी एकदा प्रत्येक लिंक स्वतः दाबून बघते. दिवाळीत सगळ्यांच्या घरी अंकांचा ढीग असतो तेव्हा मी उलटं करते, मी काहीच पाठवत नाही, सगळ्यांना म्हणते तुम्ही जो अंक वाचताय त्यातलं एक मला कळवा, आणि पुढच्या रविवारची पुडी त्यांचीच होते. गेल्या वर्षी एकवीस उत्तरं आली होती, त्यातली तीन एकाच कथेबद्दल होती, दोघांना ती वेगवेगळ्या कारणांनी आवडलेली, तिसऱ्याला तर आवडलीच नव्हती, पण त्याचंच उत्तर सगळ्यात लांब होतं.

एखादा रविवार चुकला तर चुकू द्या, माफीचा मेसेज वगैरे नको, तो वाचायला कुणालाच आवडत नाही. आमच्या आत्याचा तेवढा फोन येतो, साडेआठला, ‘आज पुडी रिकामी का गं?’ म्हणून.